ठाणे-नवी मुंबईचे चार दिवस आणि पिशवीतलं गाइडबुक

मुंबईवरच्या बहुतेक गाइडबुकांत ठाणे आणि नवी मुंबई मागच्या पानांवर असतात, ‘आसपासची ठिकाणं’ या मथळ्याखाली. ठाण्याला अर्धं पान, नवी मुंबईला दोन परिच्छेद, आणि नकाशात दोन्ही शहरं कडेला कापलेली. म्हणून पुस्तक घरी ठेवून निघावं असं मात्र नाही. कुठल्या प्रश्नाला पुस्तक उघडायचं आणि कुठला प्रश्न स्टेशनबाहेरच्या माणसाला विचारायचा हे कळलं, की ते अर्धं पानही कामाला येतं. पुढचा बेत फेब्रुवारीतला आहे, मुक्काम ठाणे पश्चिमेला. शुक्रवार ते सोमवार हे वार मुद्दाम धरले आहेत, कारण इथं वार चुकला तर अख्खा दिवस हातचा जातो.

निघण्याआधी

पुस्तक विकत घेण्यापूर्वी दुकानातच दहा मिनिटं काढा. मुखपृष्ठावरच्या सालावर जाऊ नका. आतल्या पानावर ‘आवृत्ती’ लिहिलंय की ‘पुनर्मुद्रण’ ते बघा. पुनर्मुद्रण म्हणजे जुनाच मजकूर नव्या कागदावर. साल ताजं दिसतं, पण माहिती आठ-दहा वर्षांपूर्वीची असू शकते.

मजकुराचं खरं वय कळायला रेल्वेचा नकाशा पुरतो. नेरूळ-बेलापूरहून निघणारा फाटा खारकोपरला संपत असेल, तर नकाशा १२ जानेवारी २०२४च्या आधीचा आहे. त्या दिवशी लोकल उरणपर्यंत पोचली. फाटाच नसेल, तर २०१८च्याही आधीचा. ठाणे आणि ऐरोलीच्या मध्ये ‘दिघा गाव’ स्टेशन आहे का? तेही जानेवारी २०२४चंच. बेलापूर ते पेंधर मेट्रो नोव्हेंबर २०२३मध्ये सुरू झाली, शिवडी-न्हावाशेवा अटल सेतू जानेवारी २०२४मध्ये, आणि नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५मध्ये झालं. या पाचांपैकी एकही गोष्ट पुस्तकात नसेल, तर त्यातला इतिहास वाचा. ‘कसे जाल’ हा भाग वाचायच्या भानगडीत पडू नका.

दुसरी परीक्षा पत्त्याची. नवी मुंबई सिडकोनं, म्हणजे राज्य सरकारच्या नगरनियोजन महामंडळानं वसवली, उपनगरवार आणि सेक्टरवार. प्रत्येक उपनगरात सेक्टरांचे आकडे पुन्हा एकपासून सुरू होतात. सेक्टर १५ वाशीत आहे, नेरूळमध्ये आहे, बेलापुरातही आहे. पुस्तकात नुसतं ‘सेक्टर १५, नवी मुंबई’ छापलं असेल तर त्या लेखकानं ते ठिकाण स्वतः शोधलेलं नाही हे नक्की समजा. रिक्षावाल्याला आधी उपनगर सांगायचं, मग सेक्टर, मग जवळची ठळक खूण.

तिसरी परीक्षा सगळ्यात महत्त्वाची, आणि आमच्या मते पुस्तकाची किंमत तिच्यावरच ठरवावी: स्टेशनाच्या कुठल्या बाजूला उतरायचं, पूर्वेला की पश्चिमेला, हे पुस्तक सांगतं का? या दोन्ही शहरांत रूळ ओलांडून पलीकडे जायला पादचारी पूल चढावा लागतो किंवा लांबून वळसा घ्यावा लागतो. चुकीच्या बाजूला उतरून रिक्षा केली, तर पाच मिनिटांच्या जागी वीस मिनिटं जातात आणि मीटर पडतो तो वेगळाच. बाजू छापणारं पुस्तक कुणीतरी पायी हिंडून लिहिलेलं असतं.

पुस्तकातले भाड्याचे आकडे सरळ सोडून द्या. रिक्षाचं किमान भाडं १ फेब्रुवारी २०२५पासून पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये झालं. जुन्या पुस्तकाच्या भरवशावर वाद घातलात तर चूक तुमचीच निघेल. मध्यरात्री बारा ते पहाटे पाच पंचवीस टक्के जादा लागतात, तेही कायदेशीर आहे.

शुक्रवार: जुनं ठाणं

हा दिवस पुस्तकाचा. जुनं गाव जागचं हललेलं नाही, म्हणून इथं छापील मजकूर टिकतो.

ठाणे स्टेशनात पश्चिमेला उतरा. बाहेर सॅटिसचा उन्नत पूल लागतो; टीएमटीच्या, म्हणजे ठाणे महापालिकेच्या बसेस त्याच्यावरून सुटतात, खाली रिक्षांच्या रांगा. पुस्तकं इथं १६ एप्रिल १८५३ची गोष्ट सांगतात: बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर, १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे आणि साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिनं. माहिती बरोबर आहे. पण ती वाचून जुनी दगडी इमारत शोधायला फलाटांवर फिरू नका. आजचं स्टेशन म्हणजे गर्दी हाकणारी यंत्रणा आहे, सकाळी आठ ते साडेदहा तिथं उभं राहून पुस्तक उघडणं शक्य नाही. अकरानंतर या.

स्टेशनपासून जांभळी नाका चालत दहा-बारा मिनिटांवर. रिक्षा करू नका. बाजारपेठेत ती चालणाऱ्याच्या मागे राहते. नाक्याशी कौपिनेश्वराचं देऊळ, शेजारी मासुंदा तलाव. पुस्तकांत ‘मासुंदा’ छापतात, पण रस्त्यावर विचारताना ‘तलावपाळी’ म्हणा. देवळात शिवपिंडीचा आकार बघण्यासारखा आहे; उभ्या माणसाच्या कमरेच्याही वर येणाऱ्या पिंडी फार ठिकाणी दिसत नाहीत. सोमवारी आणि श्रावणात रांग लागते, शुक्रवारी निवांत दर्शन होतं. गुढीपाडव्याची स्वागतयात्रा इथूनच निघते आणि दिवाळीच्या पहाटे तलावपाळी व राम मारुती रस्ता तरुणांनी फुलून जातात. हे दिवस बेतात असतील तर गाडी आणायचं मनातही आणू नका.

तलावाच्या टोकाला गडकरी रंगायतन, १९७८चं. इथं नाटक बघायचं असेल तर पुस्तकाचा काडीचा उपयोग नाही. प्रयोग कुठले ते त्या आठवड्याच्या जाहिरातींतच कळतं. जवळच सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च आहे, पोर्तुगीज काळातलं. एका तलावाभोवती शिवमंदिर, चर्च आणि नाट्यगृह सलग बघता येतं, आणि ठाण्याचा इतिहास समजायला शिलाहार राजांच्या श्रीस्थानकापासून (हे ठाण्याचं जुनं नाव) पोर्तुगीज, मराठे, इंग्रज हा क्रम पुस्तकात वाचून मग इथं फिरावं. इथं पुस्तक खरोखर कामाला येतं.

पुढे कोर्ट नाक्याच्या दिशेला चला. बरीच गाइडबुकं ‘ठाण्याचा किल्ला’ अशी नोंद करतात आणि बघण्याच्या ठिकाणांत टाकतात. हा किल्ला पोर्तुगिजांनी १७३०च्या सुमारास बांधायला घेतला, १७३७मध्ये मराठ्यांनी जिंकला, १७७४मध्ये इंग्रजांकडे गेला. आज तिथं ठाणे मध्यवर्ती कारागृह आहे. आत जाता येत नाही, आणि भिंतीसमोर कॅमेरा काढलात तर पहारेकरी हटकणार. तरीही ही भिंत बाहेरून बघायला यावंच. इंग्रजांविरुद्ध बंड करणारे राघोजी भांगरे यांना २ मे १८४८ला याच तुरुंगात फाशी दिलं. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधासाठी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१०ला. ‘पोर्तुगीज किल्ला’ एवढंच लिहून थांबणाऱ्या पुस्तकानं या जागेचा सगळ्यात मोठा भाग गाळला आहे. फोटो न काढता रस्त्याच्या पलीकडच्या बाजूनं पाच मिनिटं चालत जा, तटाचा दगड आणि वरची नवी बांधणी वेगळी ओळखू येते.

जेवायला मिसळ. मामलेदार कचेरीजवळची मिसळ बहुतेक पुस्तकांत आहे आणि ती नोंद योग्य आहे. पुस्तक सांगत नाही ते एवढंच: तिखटाचं प्रमाण मागवतानाच सांगायचं असतं. ‘कमी तिखट’ म्हटलंत तरी सवय नसलेल्याला घाम फुटतो, आणि रस्सा एकदा वाढल्यावर तो सौम्य करायला कुणी येत नाही. दुपारी एक ते दोन कचेऱ्या सुटतात तेव्हा जागा मिळत नाही. साडेअकराला गेलात तर बसून खाता येतं. वडापावसाठी नौपाड्याकडे वळा. तिथल्या एका प्रसिद्ध गाडीवर बेसनाची पातळ पिवळी चटणी देतात, तसली मुंबईत इतरत्र सहसा मिळत नाही. चटणी पुन्हा मागायला संकोच करू नका, सगळेच मागतात.

दुपारी मराठी ग्रंथसंग्रहालय. वि. ल. भावे यांच्या पुढाकारानं १८९३मध्ये ठाण्यात उभं राहिलेलं हे वाचनालय इंग्रजी गाइडबुकांत सापडणं कठीण, आणि मराठी पुस्तकांतही ओळीपुरतंच. ठाण्याबद्दल चार नीट पानं वाचायची असतील तर ती इथं मिळतील, मग पिशवीतल्या पुस्तकाशी ताडून बघा.

शनिवार: खाडी, आणि तिथीचं गणित

ठाणे खाडीतल्या रोहित पक्ष्यांचं, म्हणजे फ्लेमिंगोंचं पान प्रत्येक नव्या गाइडबुकात आहे. गुलाबी फोटो, खाली ‘नोव्हेंबर ते मे’, आणि एखादी छापील वेळ: ‘सकाळी ७ ते ११’. ही वेळ एका दिवशी बरोबर असते आणि आठवड्यानं साफ चुकते. कारण पक्षी घड्याळावर चालत नाहीत, पाण्यावर चालतात.

खाडीत ओहोटी लागली की चिखल उघडा पडतो. त्या चिखलातलं शेवाळ आणि बारीक जीव हे रोहितांचं खाणं. पाणी पूर्ण चढलं की चिखल बुडतो आणि थवे आडोशाच्या उथळ पाणथळींवर जाऊन बसतात. दुसरीकडे, पाणी अगदी उतरलं की जेट्टीपाशी बोटीला पुरेसं पाणी उरत नाही. म्हणजे बोटीतून पक्षी जवळून दिसायला हवं असतं ते अधलंमधलं पाणी: भरती चढत असताना किंवा उतरायला लागल्यावर.

ही वेळ कोकणच्या किनाऱ्यावर कुठल्याही पुस्तकाशिवाय काढतात. तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीचा ठोकताळा मिळतो. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती, दुपारी बाराच्या आसपास पूर्ण ओहोटी. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. तेव्हा भरती सव्वाअकराला आणि ओहोटी पाचच्या पुढेमागे. कृष्णपक्षात तिथी पुन्हा एकपासून मोजायची. तिथी एकानं पुढे सरकली की भरती पाऊण तासानं पुढे सरकते, म्हणूनच छापील वेळ टिकत नाही. हा ठोकताळा खुल्या किनाऱ्याचा आहे. खाडीच्या आत पाणी आणखी थोडं उशिरा चढतं. भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघा, अंदाज बांधा, आणि बोटीची नेमकी वेळ ऐरोलीच्या फ्लेमिंगो केंद्राकडूनच घ्या.

आणखी एक फरक. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाणाची भरती असते: पाणी खूप चढतं आणि तितकंच खाली उतरतं, चिखल दूरवर उघडा पडतो. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाण्याची चढउतार कमी, उघडा चिखलही कमी. निवडायची मुभा असेल तर अष्टमीच्या मागचापुढचा शनिवार टाळा.

बोटी ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून सुटतात. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची, म्हणजे नवी मुंबईकडे जाणारी लोकल पकडा. तिचे फलाट ठाणे स्टेशनात पूर्वेच्या बाजूला, नऊ आणि दहा. ऐरोलीला पश्चिमेकडे, म्हणजे खाडीच्या बाजूला उतरून रिक्षा करा आणि ‘फ्लेमिंगो सेंटर’ म्हणा, पूर्ण नाव घेतलंत तर कुणाला कळत नाही. जागा आधी राखून ठेवा. हंगामात शनिवार-रविवारच्या फेऱ्या लवकर भरतात, आणि तिथं जाऊन बघू म्हणणारे परत फिरतात. वेळेच्या अर्धा तास आधी पोचा, कारण पाणी कुणासाठी थांबत नाही. दुर्बीण ८×४२ची पुरते. त्याहून मोठ्या ताकदीची घेतली तर हलत्या बोटीत चित्र स्थिर राहत नाही. उन्हाची टोपी, पाणी, आणि भडक नसलेले कपडे.

पुस्तकानं या पानावर द्यायला हवी ती माहिती सहसा अर्धवट असते. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५मध्ये जाहीर झालं, क्षेत्र सुमारे १,६९० हेक्टर, त्यातलं निम्म्याहून अधिक कांदळवन. २०२२मध्ये ते रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय यादीत आलं. इथं मोठा आणि छोटा असे दोन्ही रोहित येतात. मोठ्याची चोच फिकी गुलाबी आणि टोकाला काळी. छोट्याची जवळजवळ सगळी गडद, लांबून काळपट लाल दिसते. थव्यात छोटे जास्त असतात. चोच बघायची सवय लागली की थवा नुसता गुलाबी ठिपका राहत नाही. हे दोन वाक्यांचं वर्णन ज्या पुस्तकात आहे त्याला आम्ही पैकीच्या पैकी गुण देऊ.

बोट चुकली, किंवा त्या दिवशी भरती भर दुपारी असली, तर पक्षी गेले असं समजू नका. नेरूळला चला. भरतीच्या वेळी खाडीतले थवे डीपीएस शाळेजवळचा तलाव आणि टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेच्या मागच्या पाणथळीवर विसावतात. जवळचं स्टेशन सीवूड्स-दारावे, पश्चिमेला उतरायचं. ओहोटीत गेलात तर तलाव रिकामा सापडेल, आणि ‘पुस्तकात दिलंय पण काहीच नाही’ म्हणत परतणारे बरेच लोक याच वेळी आलेले असतात. दोन्ही जागी आपण पूर्वेकडून पश्चिमेला बघत असतो, त्यामुळं सकाळचं ऊन पाठीशी राहतं आणि रंग खुलतात; संध्याकाळी पक्षी नुसते काळ्या आकृत्यांसारखे दिसतात. काठावरून पाण्यात उतरू नका, ड्रोन उडवू नका. थवा उठवला तर विश्रांतीची वेळ गेलीच, आणि पुढच्या ओहोटीपर्यंत त्याला खायलाही मिळत नाही.

रविवार: खाडी ओलांडायची नाही

रविवारी मेगाब्लॉक. मध्य, हार्बर आणि ट्रान्स-हार्बर मार्गांवर रुळांच्या, तारांच्या कामासाठी साधारण अकरा ते चार गाड्या बंद, वळवलेल्या किंवा उशिरा असतात. कुठल्या मार्गावर, ते आदल्या दिवशी जाहीर होतं. ठाण्याहून मुंबईकडच्या धिम्या गाड्या जलद मार्गावर टाकल्या की मधली काही स्टेशनं चुकतात. गाइडबुकात मेगाब्लॉक हा शब्दही नसतो आणि शहरात नवखा माणूस दुपारी दोन वाजता फलाटावर अडकतो. म्हणून रविवार ठाण्याच्या डोंगराकडच्या बाजूला.

सकाळी लवकर येऊर. स्टेशन पश्चिमेहून टीएमटीची बस आहे, नाहीतर उपवनपर्यंत रिक्षा. येऊर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा पूर्वेकडचा भाग, वनखात्याच्या नाक्यावर चौकशी होते. मद्य, प्लास्टिक, मोठ्यानं गाणी यातलं काही चालत नाही, आणि चालू नयेच. बिबट्याचं रान आहे. अंधार पडायच्या आत खाली उतरा.

इथं नकाशा बघून एक चूक हमखास होते. छापील नकाशात येऊर आणि कान्हेरी लेणी बोटाच्या दोन पेरांवर दिसतात, म्हणून लोक दोन्ही एका सकाळी धरतात. मध्ये गाडीरस्ता नाही, आणि जंगलातून परस्पर पलीकडे जायला पर्यटकाला परवानगी नाही. कान्हेरीला बोरिवलीच्या दारातूनच जायचं, आणि ठाण्याहून तिथं घोडबंदर रस्त्यानं डोंगराला वळसा घालावा लागतो. गायमुखच्या घाटात एक ट्रक बंद पडला तरी तासभर तिथंच. नकाशात डोंगर पोपटी रंगानं सपाट भरलेला असेल, उंचीच्या रेषा नसतील, तर त्या नकाशावरून अंतर मोजू नका.

घोडबंदर रस्त्याला ओवळा गावाजवळ फुलपाखरांची खाजगी बाग आहे. ती सहसा रविवारी सकाळीच बघायला मिळते. ऊन तापायला लागलं की फुलपाखरं उडायला लागतात आणि भर दुपारी पानाआड जातात, तेव्हा नऊ ते अकरा ही वेळ साधा. मात्र फुलपाखरांचा भर पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात. फेब्रुवारीत ती कमी असतात हे धरूनच जा, आणि आधी फोन करा.

संध्याकाळी उपवन किंवा कचराळी तलाव. पुस्तकं ठाण्याला ‘तलावांचं शहर’ म्हणतात आणि पाच-सहा नावं देतात. सगळे बघायची गरज नाही. कचराळीला चालणाऱ्यांची वर्दळ, उपवनला डोंगराची पार्श्वभूमी, दोन पुरेत.

सोमवार: बेलापूर आणि खारघर

ठाण्याहून ट्रान्स-हार्बरच, पण फलकावर ‘पनवेल’ वाचून बसा. तुर्भ्यानंतर मार्ग फुटतो: एक सानपाड्यावरून वाशीला, दुसरा जुईनगर-नेरूळवरून पनवेलला. वाशी लोकलमध्ये बसलात तर तुर्भ्याला उतरा आणि मागची पनवेल गाडी घ्या. वाशीपर्यंत गेलात तर तिथून हार्बरची पनवेल लोकल मिळते, पण वीसेक मिनिटं फुकट जातात. गाइडबुकं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून हार्बरचा रस्ता सांगतात, कारण त्यांचा वाचक दक्षिण मुंबईत उतरलेला असतो. ठाण्यात राहणाऱ्यानं ते वाचून आधी कुर्ला गाठायचं आणि मग हार्बरनं उलट यायचं, याला काही अर्थ नाही.

बेलापूर स्टेशनहून मीटरनं आर्टिस्ट व्हिलेज, सेक्टर ८. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी १९८०च्या दशकात केलेली ही वसाहत वास्तुकलेच्या पुस्तकांत जगभर छापली गेली, पण पर्यटनाच्या पुस्तकांत तिला क्वचितच जागा मिळते. आमच्या मते नवी मुंबईत बघण्यासारखं सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. बघताना असं बघा. सात घरं एका लहान चौकाभोवती, चौक साधारण आठ मीटर बाय आठ मीटरचा. असे तीन गट मिळून एकवीस घरं, त्यांच्या मध्ये बारा बाय बाराचा चौक. असे तीन मोठे गट एकत्र आले की वीस बाय वीसची मोकळी जागा. वाडा, आळी, मैदान अशी ती चढत जाते. कुठल्याही दोन घरांची भिंत सामाईक नाही. शेजाऱ्याला न विचारता घर वाढवता यावं म्हणून. आणि लोकांनी ते वाढवलं. मूळच्या कौलारू, बसक्या घरांपैकी थोडीच उरली आहेत, बाकीच्या जागी दोन-तीन मजली सिमेंटची घरं उभी आहेत. जुन्या फोटोवर विसंबून आलेले इथं निराश होतात. घरांकडे न बघता चौक मोजत चाला: सिमेंट चढलं तरी मोकळ्या जागा शाबूत आहेत, मुलं तिथं खेळतात, बायका पापड वाळत घालतात. ही लोकांची राहती घरं आहेत. लहान चौकात विचारल्याशिवाय शिरू नका, दाराचे फोटो काढू नका.

नवी मुंबईबद्दल आणखी एक गोष्ट पुस्तकात असेल तर ते पुस्तक जपून ठेवा. बहुतेक ठिकाणी ‘१९७०च्या दशकात मोकळ्या जमिनीवर वसवलेलं नियोजित शहर’ असं छापलेलं असतं. जमीन मोकळी नव्हती. ९५ गावांतली आगरी-कोळी, कुणबी लोकांची शेतं आणि मिठागरं होती ती. भूसंपादनाच्या मोबदल्यासाठी शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात जानेवारी १९८४मध्ये पाच जण हुतात्मा झाले. बेलापूर, दिवाळे, करावे, सारसोळे ही गावठाणं सेक्टरांच्या मधोमध आजही आहेत. सरळ रुंद रस्ता एकदम अरुंद होऊन वळायला लागला की समजा गावठाण आलं. दिवाळ्याला कोळीवाड्यात ताजी मासळी मिळते.

बेलापूर जेट्टीवरच्या वॉटर टॅक्सीची नोंद नव्या पुस्तकांत आहे. ती फेब्रुवारी २०२२मध्ये सुरू झाली खरी, पण फेऱ्या सारख्या बदलत राहिल्या आहेत. त्या आठवड्यात चालू आहे याची खात्री केल्याशिवाय बेतात धरू नका.

बेलापूर स्टेशनशेजारूनच मेट्रो पकडून खारघर. अकरा स्थानकं, पेंधरपर्यंत. सेंट्रल पार्क स्थानकावर उतरलं की उद्यान चालत. खारघरच्या पानावर पांडवकड्याचा धबधबा छापलेला दिसेल, शंभर मीटरहून उंच, फेसाळता. फोटो खरा आहे, पण फेब्रुवारीत तिथं नुसता कोरडा कातळ असतो, आणि पावसाळ्यात बुडून मृत्यू होतात म्हणून वनखातं व पोलीस प्रवेश बंद करतात. म्हणजे पुस्तकातलं चित्र बघायला मिळण्याचे दिवस जवळजवळ उरत नाहीत, तरी ते पान दर आवृत्तीत तसंच छापलं जातं. बंदी झुगारून वर गेलेल्यांचं काय होतं ते दर पावसाळ्यात बातम्यांत येतं. तिकडे जाऊ नका.

परतीची वेळ सांभाळा. संध्याकाळी साडेपाचनंतर घणसोली, रबाळे आणि ऐरोलीच्या कंपन्या सुटतात आणि ठाण्याकडच्या गाडीत दारातही उभं राहायला जागा मिळत नाही. बेलापूरहून साडेचारच्या आतली ठाणे लोकल घ्या. तीही हुकली तर घाई न करता बेलापूरलाच जेवून घ्या आणि साडेआठनंतर निघा.